अक्षरं पुसलेले बोल्ट

शेखरने खोक्याचं झाकण उघडलं तेव्हा तळवड्याच्या त्या शेडमध्ये टाळ्या वाजवल्या फक्त आईने.

बाकीचे नुसते बघत राहिले. मिठाईच्या चपट्या खोक्यात मखमलीचा तुकडा अंथरून शेखरने बोल्ट ओळीने मांडले होते. त्यांच्याशेजारी नट, वॉशर, रबरी पाइपांवर आवळायच्या क्लिपा, इंजिनाच्या कडेचे लहानमोठे ब्रॅकेट. सगळं एकजात आरशासारखं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप त्यावर पडली आणि वर छताला कवडसे थरथरायला लागले. नवरीचे दागिने दाखवावेत तसं ते खोकं दोन्ही हातांवर धरून शेखर उभा होता, आणि त्याची बायको मिनल मागून मोबाइल उंच करून प्रितमच्या चेहऱ्याचा व्हिडिओ काढत होती.

त्या चेहऱ्यावर जे काही उमटत होतं ते बघून आम्रपालीने हात लांब केला आणि मोबाइल अलगद खाली दाबला.

“कशाला बंद करता, ताई? दादांची रिअ‍ॅक्शन हवी होती मला.”

“मिळेल,” आम्रपाली म्हणाली. “थांब जरा.”

प्रितम हा शेखरचा थोरला भाऊ. धाकट्या भावाशी तो दोन वर्षं बोललाच नव्हता. तो कोइमतूरला कुणाची तरी जुनी गाडी दुरुस्त करून उभी करायला गेलेला असताना शेखरने भोसरीच्या शॉपमधलं वडिलांचं, आबांचं लेथ मशीन विकलं आणि त्या जागी प्लेटिंगच्या टाक्या बसवल्या, तेव्हापासून. दोघं सणासुदीला एका पंगतीत जेवत, पण ‘मीठ सरकव’ हेसुद्धा बहिणीमार्फत सांगत.

आणि ही मधली बहीण, आम्रपाली, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. आठवडाभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट हातात घेऊन ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’ म्हणायचं, आणि सुट्टीच्या दिवशी या दोघांच्या मधे भिंतीसारखं उभं राहायचं, हेच तिचं आयुष्य होऊन बसलं होतं. हे बोल्ट शेखरकडे नेऊन देणारीही तीच. प्रितमने ते तिच्या हवाली केले होते कुदळवाडीतल्या एका प्लेटिंगवाल्याकडे टाकायला. तिने स्कूटर भोसरीकडे वळवली. घरात प्लेटिंगचा कारखाना असताना परक्याच्या दारात कशाला जायचं. निदान या निमित्ताने तरी दोघं एकमेकांकडे तोंड करतील, असा तिचा साधा विचार. “दादाच्या गाडीचे आहेत, मन लावून कर,” एवढंच ती शेखरला म्हणाली होती.

त्याने मन लावलं होतं. तिथेच सगळा घोळ झाला होता.

“आण इकडं,” आबा म्हणाले.

आबा म्हणजे साहेबराव सरवदे. गाडीच्या पुढच्या चाकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून ते सकाळपासून बसले होते. पिंपरीतल्या ज्या कंपनीत त्यांची सारी नोकरी गेली, तिथल्या मोठ्या साहेबाची ही गाडी. एकोणीसशे साठची, हिरवी, दोन सीटची, उघड्या टपाची एमजी. कंपनीला टाळं लागलं तेव्हा ती आवारातल्या गवतात चाकापर्यंत रुतलेली होती. भंगारवाल्याच्या आधी आबांनी हात घातला आणि ओढत घरी आणली. पुढे कित्येक वर्षं तिच्यावर ताडपत्री होती. मग प्रितमने ती या शेडमध्ये आणून अंगावर घेतली, आणि आता पुढच्या रविवारी निगडीच्या मैदानावर जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. तिथे बंगल्याबंगल्यांतून, संस्थानिकांच्या गॅरेजांतून गाड्या येणार. प्रत्येक गाडी फेरी मारताना मालकाचं नाव माइकवर पुकारलं जातं. “साहेबराव सरवदे, पिंपरी” हे शब्द त्या माइकवरून एकदा ऐकायचे, एवढीच आबांची हौस होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती आणि घरात सगळ्यांना ठाऊक होती.

आबांनी खोक्यातून एक बोल्ट उचलला. बघितला नाही, डोक्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“अक्षरं कुठं गेली?”

“कसली अक्षरं?”

“बोल्टाच्या डोक्यावरची. बनवणाऱ्या कंपनीची. उठावाची व्हती.”

“हां, ती होय!” शेखर खुशीत म्हणाला. “बफ मारला ना, आबा. गुळगुळीत केल्याशिवाय क्रोमला झळाळी येत नाही. खडबडीत दिसतं.”

प्रितमने बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली. देवळात नमस्कार करतोय असं वाटलं असतं, पण त्याच्या मानेवरची शीर तटतटली होती.

“आमू,” तो जमिनीकडे बघत म्हणाला, “त्याला विचार, क्रोम करायला कुणी सांगितलं होतं?”

“ताई, त्याला सांग, कुणी सांगायला कशाला पाहिजे? शोची गाडी आहे ना?”

“त्याला सांग, शोची आहे म्हणूनच! कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी हवी. तेव्हा हे बोल्ट मळकट राखाडी होते. त्याहून वाईट चालत नाही आणि त्याहून चांगलंही चालत नाही. जज टॉर्च घेऊन बॉनेटमधे वाकतात. एकेका क्लिपेचे मार्क कापतात. आणि याने नवरदेवाची घोडी सजवून आणली!”

“त्याला सांग...”

“मी काय इंटरकॉम आहे का रे?” आम्रपाली ओरडली. तिचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. “हातभर अंतरावर उभे आहात दोघं. ऐकू येतंय ना एकमेकांचं? मग?”

 दोघांनीही तिच्याकडेच बघितलं, जणू बाकी कुणी शेडमध्ये नव्हतंच.

“मला तर बाई छान दिसतंय,” आई म्हणाली. कस्तुराबाई पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. “भांडं घासल्यासारखं लख्ख. पोरानं एवढं केलं, तर त्याचं कौतुक न्हाई कुणाला. वंगण लागलेलं आवडतंय तुमाला, चकचकीत न्हाई आवडत. तऱ्हाच हाय.”

“आई, तसं नसतं गं ते.”

“मग कसं आसतं? ज्याला त्याला मळकं पाहिजे, तर धुतलंच कशाला? ऱ्हाऊ द्यायची व्हती गवतातच.”

आता मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “पार्टीचं काम बाजूला ठेवलं यांनी, आई. स्वतः बफिंगला बसले. कामगाराच्या हातात दिलं नाही. जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते. आणि दादांनी एका शब्दाने...”

“एका शब्दाने काय?” प्रितम उसळला. “हे बोल्ट बाजारात मिळत नाहीत. मी कोल्हापूर, मिरज, कुठे कुठे फिरलो. जुन्या गॅरेजांच्या फळ्यांखालून, वाळूतून वेचल्यासारखे वेचले. एकेकाचं डोकं वाचून बघितलं. आणि आता? भंगार! सगळं भंगार करून आणलं.”

“भंगार म्हणू नगंस,” आबा म्हणाले.

इतका वेळ आबा प्रितमच्या बाजूने आहेत असं सगळ्यांनी धरलं होतं. प्रितमनेही.

“आबा, तुम्हीच तर अक्षरं...”

“अक्षरं गेली, वाईट झालं. पर भावाच्या हातच्या कामाला भंगार म्हनायचं न्हाई. म्या कंपनीत हजारदा काम बिघडवलं आन हजारदा सुदारलं. आमूकडं दे ते खोकं. ती बघंल.”

झालं. फिरून घोंगडं आम्रपालीच्याच खांद्यावर. तिने डोक्यावर हात मारून घेतला. पण खोकं घेतलं. शेडच्या दाराशी जिथे उजेड चांगला होता तिथे टेबल ओढलं, पर्समधून भिंग काढलं आणि कामाला लागली, कारण निदान हे काम तिला येत होतं. माणसांचे पास-रिजेक्ट लावायला गेलं की तिचं डोकं चालत नसे, लोखंडाचं चालायचं.

तिने तीन ढीग केले. क्लिपा आणि ब्रॅकेट पहिल्या ढिगात. त्यांचं क्रोम उतरवलं आणि फिका झिंकचा मुलामा दिला की भागणार होतं. दुसऱ्या ढिगात ज्यांच्यावरची अक्षरं अजून वाचता येत होती ते बोल्ट. शेखर बफिंगला कंटाळला असावा, कारण शेवटच्या ओळींतल्या बोल्टांवर त्याचा हात हलका पडला होता, आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या आळसाबद्दल कृतज्ञता वाटली. तिसऱ्या ढिगात गुळगुळीत डोक्याचे. ते कधीच परत येणार नव्हते. उठावाचं अक्षर घासून गेलं की गेलं. ठोकून परत उठवता येत नाही.

“निम्म्याहून जास्त वाचतील,” ती म्हणाली. “शेखर, क्रोम उतरवायला किती वेळ?”

“टाकीत उलटा करंट दिला की उतरतं. खालचं निकेल जरा चिवट असतं. पण होईल.” त्याचा आवाज बसला होता. खोकं उघडताना जी छाती फुगली होती ती कुठल्या कुठे गेली होती. “ताई, मला वाटलं होतं, दादा खोकं बघेल आणि...”

 ती काय समजायचं ते समजली, आणि तेवढ्यासाठी तिला त्याच्या दोन थोबाडीतही द्याव्याशा वाटल्या आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

मग तिने दुसऱ्या ढिगातले चार जाड बोल्ट वेगळे काढले. “हे कुठले?”

“पुढची चाकं धरून ठेवणाऱ्या आर्मचे,” प्रितम म्हणाला. “त्यांची अक्षरं शाबूत आहेत ना? चला, देव पावला. तेच सगळ्यात दुर्मिळ.”

आम्रपालीने बोल्ट हातात तोलला. “शेखर, हे प्लेटिंगनंतर ओव्हनमधे ठेवले होतेस?”

“नाही. कशाला?”

“हे हार्ड बोल्ट आहेत.”

“मला काय माहीत? तू सगळं एका पिशवीत दिलंस. मला वाटलं सगळे नुसते दिसायचे.” बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला. धंद्यात असल्यामुळे पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. कडक पोलादाचा बोल्ट ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत गेला की आतून ठिसूळ होतो. लगेच भट्टीत तापवला तर वाचतो, नाहीतर वरून अगदी ठणठणीत दिसतो आणि एक दिवस चालता चालता त्याचं डोकं तुटून पडतं.

“मग हे रिजेक्ट,” आम्रपाली म्हणाली.

“काय?” प्रितम.

“चाकांना नवीन बोल्ट घाल. योग्य ग्रेडचे.”

“आमू, वेडी आहेस का? नवीन बोल्टवर नवीन खुणा असतात. जज पहिले तिथेच वाकतील. इंजिनातले मार्क तर गेलेच, आता हेही घालवू? गाडी टेम्पोवर जाणार, टेम्पोवरून येणार. मैदानाला एक फेरी. तीही चालीच्या वेगाने.”

“त्या फेरीत शेजारी कोण बसणार आहे?”

प्रितमने आबांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

“एका फेरीत काही होत नसतं,” तो हट्टाने म्हणाला.

“आमच्या कंपनीत हे वाक्य रोज ऐकते मी. प्रत्येक सप्लायर हेच म्हणतो. मॅडम, एवढ्या लॉटमधे काही होत नसतं.” तिचा आवाज थंड झाला होता, आणि हा आवाज घरात कुणी ऐकलेला नव्हता. “नाही म्हणजे नाही, दादा. तू पाच वर्षं घातलीस, मला माहीत आहे. तरी नाही.”

“ताई बरोबर बोलतेय,” शेखर मधेच म्हणाला. “मीही घालू देणार नाही.”

“तू गप्प बस!” प्रितम गर्रकन वळून त्याच्या अंगावर गेला. “तुझ्यामुळे झालंय सगळं! घालू देणार नाही म्हणे! तू कोण ठरवणार? आधी लेथ विकलंस, न विचारता, आणि आता...”

“विचारायला तू होतास कुठे? फोन उचलत होतास? लेथ गंजत होतं, तू गाड्या सजवत फिरत होतास! सहा महिने एकटा ओढत होतो मी शॉप!”

“सांगायचं मग!”

“आता सांगतोय!”

शेंगांचं सूप बाजूला सारून आई उठली. “अगं बाई,” ती मिनलच्या कानाशी म्हणाली, “बोलले की गं. बोलले.”

मिनलने डोळे पुसले आणि मोबाइलकडे हात नेला. आम्रपालीने तिच्याकडे नुसतं बघितलं. मोबाइल परत पर्समध्ये गेला.

भांडण चांगलं तासभर चाललं. लेथ, आबांचं ऑपरेशन कुणी सांभाळलं, मिनलला लग्नात दिलेली साडी, लहानपणी चिखलीच्या विहिरीत कुणी कुणाला ढकललं, सगळं बाहेर आलं. आम्रपालीने एकदाही मधे तोंड घातलं नाही. आबांनी तर खुर्चीवर डुलकीच काढली. शेवटी बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा प्रितमने तिसऱ्या ढिगातला एक गुळगुळीत बोल्ट उचलला, बोटांत फिरवला आणि कुणाकडेही न बघता विचारलं, “टाक्या आज चालू होतील?”

“रविवारी लाइट असते भोसरीत. होतील,” शेखर म्हणाला.

“चल मग.”

आम्रपालीनेही त्यांच्या मागोमाग भोसरी गाठली, कारण त्या दोघांना ॲसिडच्या टाकीजवळ एकटं सोडायची तिची हिंमत नव्हती. शेडमध्ये आंबूस वाफेचा वास भरलेला होता. लेथ होतं त्या जागी जमिनीवर तेलाचा काळा चौकोन अजून होता. प्रितम त्याच्याकडे बघत जरा उभा राहिला. शेखर त्याला रबरी हातमोजे देत म्हणाला, “ते पुनावळ्याला एका पोराकडे आहे. चांगलं चालवतो. तुला बघायचं असेल तर नेईन.” प्रितम त्या चौकोनावरून बाजूला झाला. त्याने हातमोजे घातले.

पुढचा आठवडा आम्रपालीच्या आयुष्यातला सगळ्यात वैतागाचा होता. आता दोघं बोलायला लागले होते, आणि न बोलण्यापेक्षा ते भयंकर निघालं. झिंक जरा जास्त उजळ आलं म्हणून प्रितमने परत उतरवायला लावलं. शेखरने दोनदा केलं, तिसऱ्यांदा म्हणाला, सोड्याने घास तुझं तू. एका क्लिपेचा स्क्रू कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचा यावर दोघांनी तिला कंपनीत कॉन्फरन्स कॉल लावला, ती असेंब्ली लाइनवर उभी असताना. प्रितमकडे इंग्लंडमधल्या कुणाच्या तरी गाडीचा फोटो होता, त्यात तोंड डावीकडे. शेखर म्हणे, तो फोटो उलटा छापलाय. “मला नोकरी आहे रे,” ती म्हणाली, “पगार देतात मला इथे.” तरी रात्री जेवताना तिने तो फोटो उघडून बघितलाच. फोटो उलटा नव्हता.

आणि चाकांना नवीन बोल्ट बसले. प्रितमने ते बसवले, पण तिला बघायला बोलावलं नाही. तिने स्वतःहून जाऊन पान्याने एकेक तपासला.

निगडीच्या मैदानावर रविवारी सकाळी आई पांढरी साडी नेसून आली, बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना नेसायची ती. आबांनी कोट घातला होता. आजूबाजूला लांबलचक गाड्या, त्यांच्यामागे गणवेशातले ड्रायव्हर, छत्र्या, टोप्या, कुत्री. त्यांच्यामध्ये हिरवी एमजी लहान दिसत होती. पण काय दिसत होती! प्रितम दर दोन मिनिटांनी फडकं मारायचा आणि शेखर त्याला, आता रंग निघेल, म्हणायचा.

जज म्हणून एक चष्मेवाली बाई आली, बरोबर दोन पुरुष. बाईने टॉर्च काढली आणि बॉनेटमध्ये वाकली. आम्रपालीने तिच्या हाताची गती ओळखली. ही घाई करणारी नव्हती. टॉर्च क्लिपांवरून गेली, थांबली नाही. ब्रॅकेटवरून गेली. मग बोल्टांवर आली आणि थांबली.

“यांच्यावर कंपनीची अक्षरं नाहीत,” बाई म्हणाली.

“नाहीत,” प्रितम म्हणाला. आता हा काय सांगतोय म्हणून आम्रपाली जवळ सरकली. “होती. प्लेटिंगच्या वेळी बफ होऊन गेली. आमच्याच शॉपमधे.”

आमच्याच, हा शब्द शेखरने ऐकला. त्याने एकदम खाली वाकून बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती.

“आणि पुढच्या चाकांना आजचे बोल्ट कसे? बाकी एवढं जपलंय तुम्ही.”

“जुने बहिणीने रिजेक्ट केले,” प्रितम म्हणाला, आणि अंगठ्याने मागे दाखवलं. “तिला विचारा. माझं काही चालत नाही तिच्यापुढे.”

बाईने आम्रपालीकडे बघितलं. आम्रपालीने ठिसूळपणाचं दोन वाक्यांत सांगितलं. बाईने मान डोलवली, काहीतरी लिहिलं आणि सांगितलं की फेरी झाली की गाडी जागेवर आणून लावा, शेवटची पाहणी जागेवरच होईल, जी गाडी जागेवर नसेल ती बाद.

फेरीची वेळ झाली तेव्हा आबा आधीच गाडीत जाऊन बसले होते. फक्त चुकीच्या सीटवर.

“आबा, इकडे या बाजूला,” प्रितम म्हणाला. “मी चालवतो.”

“किल्ली दे.”

“आबा...”

“कंपनीचा टेम्पो म्या चालवलाय. लायसन हाय माझ्याकडं, मुदतीतलं. किल्ली दे.” प्रितमने किल्ली दिली तशी त्यांनी मान वळवून हाक मारली, “कस्तुरा, बस.”

“मी? आन त्या उघड्या गाडीत? केस उडतील माझे.”

“पदर घी.”

आई बसली. पर्स मांडीवर घट्ट धरून, समोर बघत, जणू दवाखान्यात नंबर लावून बसलीय. तिघं भावंडं दोरीच्या अलीकडे उभी राहिली. मिनल पुढे होऊन मोबाइल धरून उभी, आणि या वेळी आम्रपालीने तिला अडवलं नाही. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. गाडी जराशी उचकली, मग सरळ निघाली आणि मंचासमोर आली तेव्हा माइकवरून आवाज आला, “एमजी, एकोणीसशे साठ. मालक, साहेबराव सरवदे, पिंपरी.”

आबांनी हात वर केला नाही की हसले नाहीत. मान मात्र ताठ झाली, आणि मंच मागे पडेपर्यंत तशीच राहिली.

मैदानाच्या टोकाला सगळ्या गाड्या डावीकडे वळत होत्या. आबांची गाडी वळली नाही. समोर फाटक होतं, पाण्याच्या टँकरसाठी उघडलेलं. हिरवी गाडी टँकरच्या कडेने अलगद बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

“आबा!” प्रितम ओरडला.

“आबा!” शेखर ओरडला.

“आबा, थांबा!” आम्रपालीही ओरडली. तिघं दोरीखालून वाकून धावत सुटली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. गाडी कुठेच दिसत नव्हती. लांबवर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, एवढंच.

“बाद,” प्रितम गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला. “पाच वर्षं. बाद.”

“येतील रे. चौकातून वळून येतील,” शेखर म्हणाला.

आले नाहीत. बराच वेळ गेला तेव्हा आम्रपालीचा फोन वाजला. आईचा होता.

“अगं आमू, ही गाडी अशी गप कशानं झाली गं? चांगली चालली व्हती. ह्यांनी भक्ती-शक्तीच्या चौकातून गोल फिरवली, मग म्हनले देहूरोडच्या विहारापर्यंत जाऊ. आन मधीच गप. लई मान्सं जमल्यात. फोटो काढाया लागलेत.”

आम्रपालीने फोन खाली घेतला. “दादा, पेट्रोल किती टाकलं होतंस?”

प्रितमचं तोंड उघडं राहिलं. “फेरीपुरतं. शोच्या गाडीत कोण टाकी भरतं?”

“फेरीपुरतं!” शेखरने कपाळावर हात मारला. “एकेका बोल्टासाठी मिरजेला जाणारा माणूस, आणि पेट्रोल फेरीपुरतं! चल, बस बाइकवर. कॅन कुठून आणायचा आता? बाटलीत देत नाहीत पंपावर.”

“तुझ्या बाइकमधून काढू.”

“माझ्या बाइकमधूनच का?”

“मग टेम्पोवाल्याच्या काढू का?”

भांडत भांडत दोघं बाइकवर बसले, धाकटा पुढे, थोरला मागे, आणि टँकरच्या कडेनेच बाहेर गेले. मिनल त्यांच्या मागे धावली आणि अर्ध्यातून परत फिरली, कारण धावून उपयोग नव्हता.

आम्रपाली गाडीच्या जागेवर परत आली. चुन्याने आखलेला रिकामा चौकोन, त्यात तेलाचा एक ताजा थेंब. शेजारच्या गाडीचा ड्रायव्हर तिच्याकडे कुतूहलाने बघत होता. चष्मेवाली बाई ओळीने येत येत तिच्यासमोर थांबली.

“गाडी कुठे आहे?”

“आबांनी आईला फिरवायला नेलीय.”

बाईने चौकोनाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मग नंबरात धरता येणार नाही.”

“नका धरू.”

बाईने काहीतरी लिहिलं. कागद अगदी हाताशी होता, जरा मान पुढे केली असती तर वाचता आलं असतं. आम्रपालीने मान पुढे केली नाही. आबांसाठी आणलेली खुर्ची तिने सावलीत ओढली, तीत बसली आणि पायांतल्या चपला काढून टाकल्या.